उजव्या पायाचा गिअर

‘आधी ही विका, मगच ती न्या,’ काकू म्हणाल्या. ही म्हणजे फाटकाबाहेर उभी असलेली त्याची दोन वर्षांची मोटारसायकल. ती म्हणजे शेडमधली साठ वर्षांची ब्रिटिश मोटारसायकल, जिच्यापायी चार महिने त्याचं कशातच लक्ष लागत नव्हतं.

‘विकतो की,’ तो म्हणाला. धडधडीत थाप होती. दातांच्या कवळ्या बनवायचा त्याचा धंदा. सकाळी आठला दुकान उघडावं लागे, तेव्हा रोज मर्जी सांभाळायला लावणारी गाडी काय कामाची? ही म्हातारी रविवारपुरतीच. पण ते कबूल केलं असतं, तर काकूंनी आधीच्या पाच गिऱ्हाइकांसारखं त्यालाही वाटेला लावलं असतं. काकूंना या गाडीला सवत नको असावी, असं मनाशी म्हणून त्याने विषय मिटवला.

काकूंचे यजमान मोटारसायकलच्या अपघातात गेले, एवढं त्याला मेकॅनिककडून कळलं होतं. म्हणून तो टाकीवरून हात फिरवत पोचे शोधत होता. एकही सापडेना. पुढच्या चाकाचा फोर्क सरळ, चाकं सरळ. दुरुस्ती झकास करून घेतलीय, त्याने मनात म्हटलं. बाकी दुखणी उघडच होती. खाली ठेवलेला ट्रे तेलाने भरत आला होता, पुढचा ब्रेक नावापुरता होता आणि एकेका सुट्या भागासाठी महिना महिना ताटकळावं लागणार होतं. निघताना बायकोने विचारलंच होतं, ‘ढकलायला मी येऊ का?’

‘गिअर उजव्या पायाला आहे. ब्रेक डाव्या. तुमच्या गाडीच्या उलट,’ काकूंनी बजावलं.

‘माहीत आहे, काकू.’ तो एका जागी उभाच राहत नव्हता. आणखी कुणी गिऱ्हाईक येऊन टपकलं तर, या धास्तीने दर मिनिटाला फाटकाकडे बघत होता.

चौथ्या किकला इंजिन बोलायला लागलं. पहिली दहा मिनिटं पायांनी घोळ घातला. ब्रेक हवा तिथे गिअर, गिअर हवा तिथे ब्रेक. त्याने पायांना चार शिव्या हासडल्या. गावाबाहेरचा घाट चढेपर्यंत पाय वठणीवर आले. पुढचा ब्रेक धरत नव्हता, तेव्हा डावा पाय आपसूक जोरात दाबला जाऊ लागला. वळणावर गाडी स्वतःहून झुकत होती आणि तो मोठमोठ्याने एकटाच हसत होता. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. हे अर्थात बायकोला कधी सांगायचं नव्हतं.

दोन तासांनी तो परतला. काकू फाटकातच उभ्या होत्या. चहालाही तो थांबला नाही. ‘आत्ताच टेम्पो घेऊन येतो, तोवर कुणाला दाखवू नका,’ असं सांगून त्याने आपली मोटारसायकल सुरू केली आणि गल्लीतून सुसाट निघाला.

गल्लीच्या तोंडाशी एक व्हॅन मागे मागे येत आडवी झाली. त्याने ब्रेक दाबला. डावा पाय सगळ्या ताकदीने खाली गेला. गाडी थांबली नाही. गिअर पडला, इंजिन किंचाळलं, मागचं चाक घसरलं आणि तो गाडीसकट कचऱ्याच्या डब्यावर आदळला. व्हॅनचा बंपर त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता. ब्रेकवरचा उजवा पाय शेवटपर्यंत हललाच नव्हता.

काकू धावत आल्या. कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं, तिथे त्यांनी पदर दाबून धरला.

‘काकू, खोटं बोललो मी,’ तो म्हणाला. ‘ही विकणार नव्हतो.’

काकूंनी पदराची घडी उलटून पुन्हा कोपरावर दाबली.

‘काकांचा अपघातही तुमच्या त्या गाडीवरच...’

‘त्या गाडीने ह्यांना चाळीस वर्षं सुखरूप घरी आणलं,’ काकू म्हणाल्या. ‘जुनीचा भरवसा नाही म्हणून मीच हट्टाने रोजच्यासाठी नवी घ्यायला लावली. नवीवरचा तो आठवाच दिवस होता, पाय अजून जुनीचेच.’