पोटातला अभिषेक

झाकण उघडताच वामन मिस्त्रीला उलटीच आली. जुन्या बुलडोझरच्या गिअरबॉक्समधल्या ऑइलचं पांढरं ताक झालं होतं आणि मेल्या उंदरासारखा वास सुटला होता.

"शेठ, यात काय ओतलंत?"

"दूध," शेठ हात जोडून म्हणाले. "दर सोमवारी बुलडोझरला अभिषेक करतो. वरून ओतूनही गिअर पडेना, म्हणून आत ओतलं."

मिस्त्री पचकन थुंकला. नाकाला फडकं बांधून त्यानं दिवसभर ती घाण उपसली, एकेक गिअर डिझेलनं धुतला. संध्याकाळी बुलडोझर झोकात फेरी मारून आला, तेव्हा कुठे त्यानं फडकं सोडलं.

वळून पाहतो तर शेठ दुधाचा तांब्या घेऊन वर चढत होते. मिस्त्री धावला आणि झाकणावरच बूड टेकून बसला.

"ओता! आता माझ्याच डोक्यावर ओता!"