सख्खा काका

जमादारसाहेब आमच्या वर्गावर आले. टोपी टेबलावर ठेवली अन् आवाज लई मऊ करून म्हणाले, "पोरींनो, भिऊ नका. मी पोलीस न्हाई, तुमचा सख्खा काका हाय असं समजा. सांगा, कुणाचा त्रास हाय का?"

भोकरच्या स्टँडपासून शाळेपर्यंत रोज दोन टारगट पोरं आमच्या मागं मोटारसायकल लावायची, पण हे घरी एकीनंही सांगितलं नव्हतं. शेवटी मीच उठले.

"सांगते साहेब, पण तुम्ही काका होऊ नका. पोलीसच राहा."

"का गं? काका वाईट असतो व्हय?"

"न्हाई, माझा काका लई चांगला हाय. पण त्याला सांगितलं, तर मोटारसायकल चालूच राहील अन् शाळा माझी बंद होईल."