पेजेचा चमचा

केमो चालू असलेल्या निरंजनच्या जिभेवर पांढरी बुरशी दिसताच त्याची बायको शर्वरी रुग्णालयातल्या आया सगुणाबाईंवर घसरली. "तुमच्याच उष्ट्या हातांनी आली ही!"

शहरातल्या प्रत्येकाच्या तोंडातली बुरशी नोंदवून ती कुणाकडून आली हे ओळखणाऱ्या यंत्राने नमुना घेतला आणि सांगून टाकलं: रुग्णाचे वडील.

"शक्यच नाही," शर्वरी सगुणाबाईंकडे वळली. " बारा वर्षं बापलेक एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. खरं सांगा, काय लपवताय?"

सगुणाबाईंनी मान खाली घातली. "तुम्ही जेवायला गेलात की रोज येतात. साहेब गुंगीत असतात. पेज भरवतात, चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावून. पोळायला नको म्हणून."

यंत्राने लगेच खोलीच्या दारावर वडिलांना प्रवेशबंदी लावली.

"काढा ती," निरंजन डोळे मिटूनच म्हणाला. "उद्यापासून दोन चमचे ठेवा."