दिव्याखालची अक्षरं

"अक्षरं कुठायत?"

भय्यासाहेबांनी पोस्टर उलटंपालटं करून पाहिलं. मागेही काही नव्हतं. पुढे फक्त दिवा होता. सगळा कागद काळा, मधोमध पिवळी ज्योत. ना नाव, ना हात जोडलेला फोटो, ना कडेनं वेलबुट्टी.

"मी घातलीच नाहीत," विनोदिनी म्हणाली.

उज्जैनात, फ्रीगंजातल्या श्रीधरच्या प्रेसमध्ये शाईचा वास कोंडला होता. मध्य भारत हे राज्य नुकतंच नकाशावरून गेलं होतं आणि नव्या मध्य प्रदेशाची पहिली निवडणूक तोंडावर आली होती. भय्यासाहेब अपक्ष उभे होते. निशाणी दिवा. विनोदिनी मुंबईहून चित्रकला शिकून परतली होती आणि गावातलं हे तिचं पहिलंच काम. ते फिसकटलं तर मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायची जागा वडिलांनी बोलून ठेवलीच होती. तिला ती नको होती. अजिबात नको होती.

"नाव नाही, गाव नाही. लोक ओळखणार कसे?"

"मतपेटीवर तुमचं नाव नसणारच, भय्यासाहेब. दिवाच असणार. बाया दिवा बघतील आणि चिठ्ठी टाकतील."

"आणि माझी कविता?"

खरं दुखणं हे होतं. भय्यासाहेबांनी प्रचारासाठी स्वतः हिंदीत दोन ओळी रचल्या होत्या आणि त्यांच्यावर ते जाम खूश होते. घराणं दरबारी, आवाज भरदार. चार पिढ्या उज्जैनात गेलेल्या, तेव्हा हिंदी आपल्या घरचीच, असा त्यांचा समज. तसा तो खोटाही नव्हता. पण स्वतःची कविता कुणाला नीट ऐकू येते?

"कविता एकदा मोठ्यानं म्हणून बघा," विनोदिनी म्हणाली. "इथे नको. बाहेर चौकात."

"म्हणतो की! घाबरतो काय?"

दिवेलागण झाली होती. चौकात हातगाड्यांची रांग लागली होती, प्रत्येक गाडीवर कंदील. मांगीलाल कचोरीवाल्यानं पहिला घाणा नुकताच काढला होता. भय्यासाहेब त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, उपरणं सावरलं आणि सभेत लावतात तसा आवाज लावला.

"अंधेरा हटाइए, दीपक बढ़ाइए!"

मांगीलाल गोंधळला. "अभी, भैयासाब? गिराक तो अब आएंगे।"

"अभी! इसी घड़ी! दीपक बढ़ाइए!"

"आप कहो तो, हुकुम।" मांगीलालनं कंदिलाची वात खाली केली आणि फुंकर मारली. शेजारच्या पानवाल्यानं ते पाहिलं, त्यानंही मारली. मग शेंगदाणेवाल्यानं, मग फुलवालीनं. भय्यासाहेबांचा शब्द कोण मोडणार? बघता बघता अख्खी रांग अंधारात गेली.

माळव्यात दिवा कुणी विझवत नाही. विझवणं अशुभ. तिथे दिवा बढ़ाते हैं, रात्री बंद करताना दुकानही बढ़ाते हैं, आपण नारळ वाढवतो तसंच. भय्यासाहेब हे जन्मापासून ऐकत आले होते. ऐकत आले होते म्हणूनच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

रांगेतून कुणीतरी विचारलं, "कोई गुजर गया क्या?" विनोदिनीनं मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाचं भर चौकात हसं केलं आपण. गेलं काम. उद्यापासून शाळा, आणि जन्मभर फळ्यावर फुलदाण्या.

तेवढ्यात अंधारात कुणीतरी हसू लागलं. आधी दबून, मग खदाखदा. ते भय्यासाहेबच होते. उपरण्यानं डोळे पुसत ते तिच्याकडे वळले.

"श्रीधरला सांग, छापायला घे," ते म्हणाले. "आणि माझी कविता तेवढी बढ़ा दे."