दाद पोचेपर्यंत

अर्बाबनं, म्हणजे तिथल्या अरब मालकानं, रजा दिली नाही, म्हणून पुण्यातलं संगीत महाविद्यालय धनंजय आखातातल्या इब्रा गावच्या गॅरेजमध्ये बसून व्हिडिओ कॉलवर बघत होता. रेवा फोन उंच धरून त्याला कॅम्पसभर फिरवत होती.

"बाबा, ही तंबोऱ्यांची खोली. आणि ह्या मॅडम, माझं गाणं ऐकणारेत."

फोन खिडकीला टेकवून ती गायला लागली. आवाज छान मोकळा लागला होता, पण प्रत्येक ओळ संपली की ती गप्प उभी राहायची.

"अगं, मध्येमध्ये थांबतेस का?" मॅडमनी विचारलं.

रेवा ओशाळली. "लहानपणापासून बाबांना फोनवरच गाणं ऐकवत आलेय. त्यांचं 'वा!' तिकडून यायला जरा वेळ लागतो ना... तीच सवय लागली."

"इथे शिकायचं तर ती सोडावी लागेल, बाळ. आता न थांबता म्हण."

हाताचं ग्रीस पँटला पुसून धनंजयनं आपला माईक बंद केला. रेवा पहिल्यांदाच, कुठेही न थांबता, अख्खं गाणं गायली.

 

बंद माईकसमोर तो प्रत्येक ओळीला 'वा!' म्हणत राहिला.