मराठीवालं संशोधन

“प्रकाश पहले तरंग था, अब कण हो गया. तो पुरानी थ्योरी ग़लत निकली?” दुबे सरांनी विचारलं.

खुर्चीच्या टोकावर बसलेल्या जयूचा पाय हलायचा थांबेना. कॉलेजात सायन्सच्या प्रवेशासाठी ही मुलाखत होती, आणि मुलींची एकच जागा उरली होती. नाहीतर गृहविज्ञान. “चल, लाडू वळायला तरी शिकशील,” असं देवास गेटपासून ऐकवत आलेली अक्का दाराबाहेरच उभी होती.

“नहीं सर! ग़लत नहीं. संशोधन हुआ है.”

सर खूश. “वा! जैसे पिछले साल संविधान में हुआ और हम मध्यभारत से मध्यप्रदेश हो गए! पुराना रद्द नहीं किया, बस सुधार दिया. बिलकुल सही शब्द, बेटी.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

जयू तर आपलं मराठी संशोधन म्हणाली होती, शोध लावतात ते. सरांनी ऐकलं हिंदीतलं, दुरुस्तीवालं. गप्प बसली तर जागा तिचीच. पण दुरुस्ती झालीच नव्हती ना!

“सर, मेरा वाला मराठी संशोधन था. मतलब खोज. और सुधारा तो कुछ भी नहीं!”

पेन थांबलं.

मग जयूची हिंदी सुटलीच, ती थेट मराठीवर आली. सरांना मराठी बोलता येत नसलं तरी समजत होतं. “पोत्यातून ज्वारी ओतली की धार दिसते. ती धार काय खोटी असते? दाणे इतके असतात, की धारेचाच हिशोब पुरतो. चारच दाणे उरले, की मग दाण्यांचा धरायचा. नवी थिअरी दोन्ही सांगते. आणि गंमत म्हणजे, प्रकाशाचा एकटा दाणा कुठे पडेल, तेही लाटेलाच विचारावं लागतं! जुनी थिअरी नवीच्या पोटात बसलीय सर, जशीच्या तशी!”

बाहेर अक्काच्या बांगड्या वाजल्या. आपण उभ्या राहिलोय, हे जयूला आत्ता कळलं.

सर टेबलावर पुढे झुकले. “हमें फँसाने वाले ऐसे और कितने शब्द हैं तुम्हारी मराठी में?”

“शिक्षा, सर. आपके यहाँ पढ़ाई, हमारे यहाँ सज़ा.”

सर हसले नाहीत. खाली मान घालून त्यांनी काहीतरी लिहिलं.

“सोमवार से शिक्षा शुरू,” ते म्हणाले. “कौन-सी निकलेगी, ये तुम्हारे देखने पर है.”