ग्राफीनचं वाळवण

गच्चीवर मिरच्यांच्या शेजारी काळी पापडी वाळत घातलेली दिसली आणि वैजयंती धावतच तिथे गेली.

"आई, हे काय केलंत?"

"अगं, बरणीतलं ते काळं ओलंच राहिलं होतं. बुरशी धरली असती," सासूबाई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या. "छान पातळ पसरून खडखडीत वाळवलं बघ."

समुद्राने गावातलं सगळं पाणी खारट केल्यापासून घरोघरी ग्राफीनची गाळणी लागत होती. आठवडाभर वैजयंतीने ग्राफाइटची पूड आम्लात मुरवली होती, पोटॅशियम परमँगनेट घालून तिचे अणूएवढे पातळ पदर सुटे केले होते, शेवटी क जीवनसत्त्व घालून त्यांत शिरलेला ऑक्सिजन काढून ग्राफीन बनवलं होतं. धुऊन धुऊन हात सोलवटले होते. आता ते ओलं असतानाच गाळणीच्या कापडावर चढवायचं होतं. वाळलं की सुटे पदर पुन्हा एकमेकांना घट्ट चिकटतात, हे तिने दहादा बजावलं होतं. जुनी गाळणी कालच फाटली होती, आणि रेशनवर ग्राफाइट आणि आम्ल यायला अजून महिना होता.

सासूबाईंनी एक तुकडा उचलून फरशीवर ओढला. काळीशार रेघ उमटली.

"अय्या, पेन्सिल! किती वर्षांनी पाहिली गं!"

वैजयंती रेघेकडे बघतच राहिली. एवढं राबून हाती काय आलं, तर पुन्हा पेन्सिलीतलं ग्राफाइटच!

"आई," मिरच्या भराभरा गोळा करत ती म्हणाली, "आता महिनाभर आमटीत मीठ घालू नका. नळाच्या पाण्यातलंच पुरेल."